समुद्रापलीकडचं संगीत तबकडीवर: कोकणातल्या नव्या श्रोत्यांसाठी

जगभरच्या संगीताच्या रेकॉर्ड जमवायच्या म्हटलं की नव्या माणसाच्या हाती बहुधा लंडन-न्यूयॉर्कमध्ये बसून केलेली यादी येते. त्या याद्या वाईट नसतात, पण त्यांची सुरुवात आपल्या कानापासून फार लांब होते. कोकणात राहणाऱ्याला जवळची वाट आहे. आपल्या बंदरांतून गलबतं निघायची ती मोसमी वाऱ्यावर अरबस्तानात आणि पूर्व आफ्रिकेत जायची, तिकडची इकडे यायची. रत्नागिरी-खेड-चिपळूणकडची कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेत आणि आखातात राहिली. गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षं होते. त्या सगळ्या मुलखांचं गाणं ऐकताना आपल्याला काहीतरी ओळखीचं सापडतंच. म्हणून माझं सांगणं असं: समुद्रानं आपल्याशी जोडलेल्या प्रदेशांपासून ऐकायला लागा, आणि पहिल्या रेकॉर्डपासूनच पावसाळ्याचा विचार करा. इथे रेकॉर्ड टिकवणं हे ऐकण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

आधी घरातला माळा बघा

काही विकत घेण्याआधी आपल्या आणि नातेवाइकांच्या जुन्या घरांत विचारा. मुंबईच्या चाकरमान्यांनी गावी आणलेली पेटी, जहाजावर नोकरी केलेल्या काकांची ट्रंक, कुवेत-बहरीनहून आलेला रेडिओग्राम, असं काही ना काही निघतं. गणपतीत सगळे गावी जमतात तेव्हा विचारणं सगळ्यात सोपं. जुनी माणसं 'तबकडी' म्हणतील, 'फोनो' म्हणतील, तसंच विचारा.

हाती आलेल्या रेकॉर्डची आधी जात ओळखा. जड, जाडसर, बहुतेक दहा इंची आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असेल तर ती ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती लाखेपासून बनते, हातातून पडली की फुटते. भारतात १९६०च्या दशकातही अशा रेकॉर्ड निघत होत्या, त्यामुळे आपल्याकडे त्या बऱ्याच सापडतात. पातळ, किंचित वाकणारी, बारा इंची आणि मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी ती एलपी. ती विनाइलची असते आणि १९४८ साली अमेरिकेत बाजारात आली. सात इंची छोटी ती ४५ची सिंगल किंवा ईपी.

हा फरक पुढे प्रत्येक पायरीवर लागतो. सुई वेगळी, वेग वेगळा, धुण्याची रीत वेगळी. ७८च्या रेकॉर्डची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्यात तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८साठी साधारण ३ मिलची, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. बऱ्याच कार्ट्रिजना (सुई ज्यात बसते त्या छोट्या डबीला) ती वेगळी मिळते आणि काढ-घाल करता येते. आणि आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. त्याचं जड साउंडबॉक्स आणि लोखंडी पिन विनाइल एका फेरीत खरवडून काढतात.

यंत्र

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर हल्ली सगळीकडे मिळतात. त्यांतल्या बहुतेकांची सुई जड बसते आणि वजन कमी-जास्त करायची सोय नसते. आवडत्या रेकॉर्डसाठी ते घेऊ नका. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, मागे फिरवायचं वजन असलेला, कार्ट्रिज बदलता येणारा साधा टर्नटेबल घ्या. नेहमीच्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. छोटा डिजिटल काटा घेऊन तो स्वतः मोजा. वजन फार कमी ठेवलं तर सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त इजा करते, त्यामुळे 'हलकं तेवढं चांगलं' हा समज सोडा.

टर्नटेबलमधून येणारा आवाज फार क्षीण असतो आणि त्यातला खर्ज मुद्दाम कमी करून भरलेला असतो. तो पूर्ववत करायला फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. टर्नटेबलमध्ये किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो आहे का, हे घेतानाच विचारा. नसेल तर वेगळा घ्या. लावल्यावर सतत घूं असा आवाज येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जोडायची राहिली असेल.

परदेशातून आलेलं यंत्र असेल तर ही गोष्ट नीट वाचा. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. कुवेत, ओमान, दुबईतही ५० हर्ट्झच आहे, तिकडची यंत्रं इथे चालतात. सौदी अरेबिया आणि अमेरिकेत मात्र ६० हर्ट्झ. जुन्या बेल्टच्या टर्नटेबलमध्ये विजेच्या हर्ट्झवर चालणारी एसी मोटर असते. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर इथे पाच-षष्ठांश वेगानं फिरते. काळी चारमधलं गाणं पांढरी चारवर उतरतं आणि सगळं सुस्त होतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे त्यानं हा दोष जात नाही. मोटरवरची पुली बदलावी लागते. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हच्या (बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणाऱ्या) यंत्राला ही अडचण नाही, फक्त व्होल्टेज जुळवा.

टर्नटेबल ठेवायची सर्वांत चांगली जागा म्हणजे आतल्या चिऱ्याच्या भिंतीत घट्ट बसवलेली फळी. लाकडी तक्तपोशीवर पावलागणिक सुई उडते. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, ती टाळा. गवंड्याकडची पाणसळ प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर) ठेवून दोन्ही दिशांनी सपाटी तपासा. लाइट वारंवार जाते-येते तिथे साधा स्टॅबिलायझर लावा, आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढूनच ठेवा.

ऐकायचं काय, आणि कोणत्या क्रमानं

सुरुवात आपल्याच किनाऱ्यावरून. केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, जन्म १८९२चा. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड अंतराळात गेली, तिच्यावर जगभरच्या संगीताचे २७ तुकडे आहेत. भारताचा एकच, आणि तो केसरबाईंची भैरवी 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, दुसरं यान उडाल्यावर काही दिवसांतच, केसरबाई गेल्या. साडेतीन मिनिटांत त्यांनी स्वराला जी वळणं दिली आहेत ती एकदा ऐकून उरकायची नाहीत. त्यांच्या ७८च्या रेकॉर्डवरून एचएमव्हीनं नंतर एलपीही काढल्या. नव्या माणसानं एलपी शोधावी आणि ७८ मिळाली तर जपून ठेवावी.

ती भैरवी व्हॉयेजरसाठी सुचवली रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं. आणि त्याच रेकॉर्डवर जावा बेटाचा जो गमेलान (ब्राँझच्या वाद्यांचा वृंद) आहे तो ब्राउन यांनीच योग्यकर्ताच्या पाकू आलामन राजवाड्यात ध्वनिमुद्रित केला होता. नन्सच कंपनीच्या 'एक्सप्लोरर' मालिकेत १९७१ साली 'जावनीज कोर्ट गमेलान' या नावानं त्याची एलपी निघाली. म्हणून केसरबाईंनंतर दुसरी एलपी ही घ्या. ब्राँझच्या घंटा, थाळे, झांजा यांचा पंधरा-वीस जणांचा ताफा, संथ आवर्तनं आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मोठ्या गाँगचा ठोका. समेची सवय असलेल्या कानाला तो गाँग लगेच सापडतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त त्या ठोक्याची वाट बघा, मधली बारीक नक्षी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आपोआप उलगडते. त्याच मालिकेत १९६७ची बालीची एलपी आहे, डेव्हिड लुईस्टननं मुद्रित केलेली. बालीचा गमेलान वेगवान आणि तडफदार. मला स्वतःला जावाचा जास्त जवळचा वाटतो, पण तरुण मुलांना बाली आधी आवडते असं दिसतं.

इथे एक महत्त्वाची सूचना. बालीतली वाद्यं जोडीनं बनवतात आणि जोडीतलं एक दुसऱ्यापेक्षा किंचित चढं ठेवतात, त्यामुळे सूर थरथरतो. नव्या माणसाला वाटतं, टर्नटेबलचा वेग हलतोय. तसं नसतं. यंत्रात दोष आहे की संगीतच असं आहे, हे ठरवायला घरात एक कसोटीची रेकॉर्ड हवी, जिच्यात तंबोरा लांबपर्यंत स्वच्छ ऐकू येतो. कोणत्याही ख्यालगायनाची एलपी चालेल. तंबोऱ्याचा सा स्थिर असेल तर यंत्र ठीक. दर फेरीला तो हेलकावत असेल तर त्या रेकॉर्डचं भोक मधोमध नाही किंवा ती वाकली आहे, दुसरी लावून बघा. सगळ्याच हेलकावत असतील तर बेल्ट सैल झाला आहे.

हीच कसोटी झिंबाब्वेच्या म्बिराला उपयोगी पडते. म्बिरा म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, त्या अंगठ्यांनी आणि बोटानं छेडतात, आणि वाद्य मोठ्या भोपळ्यात धरतात. भोपळ्याला शिंपले किंवा बाटल्यांची बुचं लावलेली असतात, ती प्रत्येक सुराबरोबर झणझणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, स्पीकर फाटला. पण ती झणझण वादकाला हवीच असते, तंबोऱ्याला जवारी हवी तशी. पॉल बर्लिनर यांनी मुद्रित केलेली 'द सोल ऑफ म्बिरा' ही १९७३ची नन्सचची एलपी इथे उत्तम. रात्री, हलक्या आवाजात ऐका. दोन म्बिरा एकमेकांत गुंफतात आणि कोणीच वाजवत नसलेली तिसरी चाल ऐकू यायला लागते.

आता झांझिबार. तिथल्या गाण्याला तारब म्हणतात. शब्द स्वाहिली, ढंग अरबी, आणि पुढे पुढे त्यात आपली पेटी, तबला आणि हिंदी चित्रपटांच्या चालीही मिसळल्या. १९२८ साली सीती बिंती साद ही झांझिबारची गायिका बोटीनं मुंबईला आली आणि तिनं एचएमव्हीसाठी स्वाहिली गाणी भरली. त्या ७८च्या रेकॉर्ड पूर्व आफ्रिकेत घरोघरी गेल्या. म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका अव्वल गायिकेचा आवाज पहिल्यांदा मुंबईत तबकडीवर उतरला! पूर्व आफ्रिकेशी संबंध असलेलं कोणतंही घर तुमच्या ओळखीत असेल तर तिथे आवर्जून विचारा. स्वाहिली लेबलची एखादी तबकडी निघाली तर न वाजवता, न धुता आधी जाणकाराला दाखवा. नवीन ऐकणाऱ्यासाठी १९८८च्या सुमाराला लंडनच्या ग्लोबस्टाइल कंपनीनं काढलेल्या झांझिबारच्या एलपी आहेत. त्यांत इख्वानी सफा या १९०५ साली स्थापन झालेल्या मंडळाचा मोठा वाद्यवृंद ऐकायला मिळतो.

तारबचं मूळ कैरोकडे नेतं, आणि कैरो म्हणजे इजिप्तची गायिका उम्म कुलसूम. आखातात राहून आलेल्या घरांत तिच्या एलपी सापडतात, बहुतेक 'सोनो कैरो' छापाच्या. मोहम्मद अब्दुल वहाब यांनी चाल दिलेलं 'इन्ता उमरी' हे १९६४चं गाणं घ्या. एकच गाणं एलपीच्या दोन्ही बाजू व्यापतं. आधी लांबलचक वाद्यमेळ, मग तिचा प्रवेश, आणि एखादी ओळ लोकांना भिडली की ती पुन्हा, निराळ्या अंगानं, पुन्हा. श्रोत्यांचा जल्लोष रेकॉर्डवर ऐकू येतो. संगीत नाटकातल्या पदाला 'वन्स मोअर' देणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिच्या काही स्वरश्रुती आपल्या कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध बसतात. सुरुवातीला त्या बेसूर वाटतील. दोन-तीनदा ऐकल्यावर त्या जागीच गोड लागायला लागतात.

लिस्बनचा फादो हा पोर्तुगीज गाण्याचा प्रकार पुढचा टप्पा. गोव्यात तो आजही गायला जातो, आणि मांडो ऐकलेल्या माणसाला त्यातली हुरहुर नवी नाही. फादो गायिका आमालिया रॉड्रिग्जची १९६२ची, 'बुस्तो' या नावानं ओळखली जाणारी एलपी शोधा. बारा तारांचं पोर्तुगीज गिटार, साधं गिटार आणि आवाज, बहुतेक एवढंच. त्याच्या जोडीला गोव्याचे संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या कोंकणी रेकॉर्ड हव्यातच. मुंबईच्या जॅझ वादकांचे पितळी सूर आणि कोंकणी बोली, दोन्ही त्यांत आहेत.

बल्गेरियाच्या बायकांचं समूहगान या वाटेवर बसत नाही, तरी एक एलपी ठेवा: मार्सेल सेलिए यांनी १९७५ साली काढलेली, १९८६ साली इंग्लंडमध्ये पुन्हा निघाल्यावर गाजलेली 'ल मिस्तेर दे व्हुआ बुल्गार'. शेजारशेजारचे दोन स्वर एकाच वेळी, पूर्ण ताकदीनं.

विकत घेताना

मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ही जवळची ठिकाणं. तिथे हिंदी चित्रपटसंगीत भरपूर, बाहेरचं कमी, पण मधूनच नशीब उघडतं. रेकॉर्ड पाकिटातून काढून उन्हात तिरपी धरा. वरवरचे केसासारखे चरे चालतात. नखाला अडकणारा चरा म्हणजे ठक्‌ठक्‌ येणारच. डोळ्यासमोर आडवी धरून वाक बघा. राखाडी, मंद झालेला पृष्ठभाग असेल तर जड सुईनं खाच झिजली आहे, धुऊन फरक पडत नाही. पाकिटावरचे बुरशीचे डाग मात्र पाहून घाबरू नका, पाकीट बदलता येतं.

ऑनलाइन मागवताना 'व्हीजी प्लस' (रेकॉर्डच्या स्थितीचा दर्जा, 'व्हेरी गुड प्लस') खालची प्रत घेऊ नका, आणि परदेशातून मागवलीत तर टपालखर्चाबरोबर सीमाशुल्क धरूनच किंमत ठरवा. ट्रेननं आणताना रेकॉर्ड उभ्या, हातातल्या पिशवीत. उन्हात उभ्या बंद गाडीत त्या अर्धा तासही ठेवू नका, वाकलेली एलपी पूर्ण सरळ होत नाही.

धुणं

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार वाळून खाचेत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणा. लिटरभर पाण्यात बिनरंगाच्या, बिनवासाच्या भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ मायक्रोफायबर कापड भिजवून पिळा आणि खाचांच्या दिशेनं गोल गोल पुसा, आडवं कधीच नाही. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा, आणि पंख्याखाली सावलीत उभी वाळवा.

बुरशी असेल तर हे काम पडवीत किंवा अंगणात करा, तोंडाला मास्क बांधून. विनाइलवर एक भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि चार भाग डिस्टिल्ड पाणी चालतं. जुनं आतलं पाकीट टाकून द्या, नाहीतर महिन्याभरात बुरशी परत येते.

७८च्या रेकॉर्डला अल्कोहोलचा थेंबही लावू नका. लाख त्यात विरघळते आणि खाचा पुसून जातात. तिला फक्त ओलसर कापड, आणि लगेच कोरडं. पाण्यात बुडवूनही ठेवू नका.

पावसाळा

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. खोलीत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. कपाटातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. त्यासाठी दार घट्ट बसणारं पत्र्याचं कपाट, भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून वीतभर दूर. वाळवीमुळे लाकडी कपाट मी सुचवत नाही. आत रंग बदलणारी सिलिका जेल कापडी पुरचुंड्यांत ठेवा, रंग बदलला की मंद आचेवर तव्यात तापवून पुन्हा वापरा. खोली मोठी आणि संग्रह वाढलेला असेल तर डीह्युमिडिफायर घ्या, चार महिन्यांचं वीजबिल एका चांगल्या एलपीहून जड नाही.

रेकॉर्ड उभ्याच ठेवा, ना खचाखच ना कलंडत्या. आतलं पाकीट पॉलिथीनचं किंवा पॉलिथीनचं अस्तर असलेलं घ्या. बाहेरचं जाड, चकचकीत पीव्हीसीचं प्लास्टिक टाळा, उकाड्यात ते रेकॉर्डवर धुरकट थर सोडतं. डांबराच्या गोळ्याही ठेवू नका, त्यांची वाफ विनाइलला चांगली नाही. कसरीसाठी कपाट दर महिन्याला रिकामं करून पुसणं हाच खरा उपाय.

खारी हवा यंत्रालाही लागते. कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक वायरींची टोकं काळवंडतात आणि एका बाजूचा आवाज जातो. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दसऱ्याला, कॉन्टॅक्ट क्लीनरनं ती पुसा. रबरी बेल्ट चिकट झाला की बदला, एक जादा आणूनच ठेवा. यंत्र पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी चालवा, बंद पडून राहिलेली मोटर लवकर अडते.

दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाली की प्रत्येक रेकॉर्ड काढून सावलीत वारा द्या, पांढरे ठिपके दिसतील त्या बाजूला काढून धुवा आणि त्यांची पाकिटं बदला. बाहेरून मागवायच्या रेकॉर्डही ऑक्टोबर ते मे याच काळात मागवा. पावसात भिजलेलं पार्सल आलंच तर ते तसंच कपाटात ठेवू नका, पुठ्ठा त्याच दिवशी वेगळा करा.